आक्कांच्या बोलण्यातल्या मोकळ्या जागा

आक्का,

शनिवारी सकाळी मी तुमची बोलणी खाल्ली आणि दुपारी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. आईने विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, एकीचा ओरडा खायचा राहिला होता." आईला त्यातलं काहीच कळलं नाही. मला तिसरी पोळी घेताना बघून तिने पुढे विचारलंही नाही.

तुम्ही गेलात त्याला तीन आठवडे झाले. तुमच्याविषयी जे सांगण्यासारखं होतं ते वर्गाच्या ग्रुपवर बाकीच्यांनी लिहिलं. अंगणवाडी, सून आल्यावर पुन्हा हातात घेतलेली पुस्तकं, पंचेचाळिशीनंतर एम.ए.ला घेतलेला प्रवेश. मी त्या दिवशी ग्रुपवर नुसते जोडलेले हातसुद्धा टाकले नाहीत. कसे टाकणार? तुमचं अकरा मिनिटांचं बोलणं मी पुसून टाकलं होतं. त्यावरून आपलं भांडण झालं होतं आणि ते भांडण मिटायच्या आत तुम्ही निघून गेलात. तुम्ही माझ्यावर रागावूनच गेलात का, हे एवढंच मला माहीत करून घ्यायचं होतं. आणि तेच माहीत करून घ्यायची हिंमत होत नव्हती.

आपल्या वर्गाच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, शनिवारी वर्ग, बाकीची चर्चा ॲपवर. ॲपमध्ये मधोमध एक फोटो आणि त्याच्या कडेने आपल्या सगळ्यांचे गोल गोल चेहरे. ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा त्याने बटण दाबायचं आणि आवाजात किंवा व्हिडिओत आपलं म्हणणं मांडायचं. बाकीच्यांनी आपापल्या वेळी चेहऱ्यावर बोट ठेवून ते ऐकायचं, वाटलं तर उत्तर द्यायचं. लिहायला परवानगी नव्हती. "लिहिता तुम्ही सगळेच. मला तुमचे आवाज ऐकायचेत," असं मॅडम म्हणाल्या.

मी वर्गात बोलत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठीच, पण घरात लागतं तेवढंच. वर्गात बोलायला उठले की मध्येच शब्द संपायचा आणि मागच्या बाकावरून कोणीतरी तो पुरवायचं. पुरवणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं, पण त्यानंतर मी बसून जायचे. ॲपवर निदान पुसता येत होतं. मी सगळं रोमन लिपीत लिहून काढायचे, वाचायचे, ऐकायचे, पुसायचे, पुन्हा वाचायचे. दोन मिनिटांच्या बोलण्याला माझा दीड तास जायचा. मॅडम म्हणायच्या, छान, स्वच्छ बोलतेस. स्वच्छ म्हणजे धुऊन धुऊन रंग उडालेलं, हे मला माहीत होतं.

आणि तुमचं पहिलं बोलणं! फोटो आठवडी बाजाराचा होता.

"हालो?"

मग शांतता.

"हालो? आवाज येतोय का?"

पुन्हा शांतता. मागे कोंबडी.

"मॅडम हायेत का? न्हाई? मग कोन हाय?" बराच वेळ काही नाही. "कोनीच न्हाई वाटतं. ठेवते."

पुढच्या शनिवारी वर्गात राहात्याचा संदीप दारातच मोबाईल कानाला लावून उभा राहिला आणि म्हणाला, "कोनीच न्हाई वाटतं. ठेवते." सगळे हसले. तुम्हीही हसलात, सगळ्यांत मोठ्याने. मग डोळे पुसत म्हणालात, "हसा रे. पन मला एक सांगा, बोलायचं आन् पलीकडं कोनीच न्हाई, ही कसली चर्चा?" मॅडमनी हजेरीचं पुस्तक उघडलं.

त्याच दिवशी त्यांनी आपली जोडी लावली. मला मोबाईल येतो आणि तुम्हाला बोलता येतं, असा त्यांचा विचार असणार. आपण कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसलो. तुम्ही डबा उघडलात आणि मला न विचारता भाकरीचे दोन भाग केलेत.

"ऱ्हाती कुटं?"

"सावेडीत."

"मग सावेडीच म्हनते तुला. मला नाव लक्षात ऱ्हात न्हाई, गाव ऱ्हातं. अंगनवाडीत बी तसंच. ही पाथर्डीची, ती शेवगावची. खा की."

"मला भूक नाही, आक्का."

"भूक न्हाई म्हननारं पोरगं मी अंगनवाडीत रोज बगते. खा."

मी खाल्लं. मग मी तुम्हाला ॲप समजावून सांगितलं. हा फोन नाही. पलीकडे त्या वेळी कुणी नसतं. आपण बोलून ठेवायचं, ते नंतर ऐकतात.

"म्हंजी निरोप," तुम्ही म्हणालात.

"हो, निरोप."

"आन् निरोप ऐकनारा उत्तर कवा देनार?"

"त्याला वेळ होईल तेव्हा."

"तवर मी काय करू?"

"तुम्ही पुढचं बोलायचं."

तुम्ही थोडा विचार केलात. "त्याला मदी जागा तर ठिवाया पायजे ना."

मला वाटलं, यांना कळलेलं नाही. जाऊ दे, हळूहळू कळेल.

बटणं तुम्ही शिकलात, पण थांबायची सवय काही सोडली नाहीत. एखादा प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात कधी कुकरची शिट्टी यायची, कधी उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी लांबून जवळ येऊन पुन्हा लांब जायची. मग तुम्ही म्हणायचात, "व्हय, बराबर." नाहीतर, "न्हाई न्हाई, तसं न्हाई ते." जणू मधल्या वेळात समोरचं माणूस बोलून गेलं होतं. संदीप एकदा म्हणाला, "मी गाडीवरून येताना आक्कांचं ऐकत होतो. त्या म्हणाल्या, काय वाटतं तुला? तर मी हेल्मेटच्या आत उत्तर दिलं. सिग्नलला शेजारचा बघायला लागला." आम्ही हसलो. तो विनोद नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

माझं बोलणं मात्र तुम्ही पहिल्या झटक्यात ओळखलंत.

"सावेडी, तू वाचतीस."

"नाही हो."

"कागदाचा आवाज येतो की. आन् दम बी कागद बगूनच घेतीस. चुकलेलं पुसतीस काय?"

"चुकलेलं सगळ्यांना कशाला ऐकवायचं?"

"मानूस बोलतंय म्हनून कळाया."

हा वाद आपण सत्रभर घातला. तो संपला नाही. एकदा मी चिडून म्हणाले, "तुमचं बरं आहे आक्का, तुम्हाला कोणी हसलं तरी चालतं." तुम्ही डब्याला झाकण लावत होतात. तुमचा हात थांबला.

"चालतं आसं कोन म्हनलं तुला?"

एवढंच म्हणालात आणि झाकण लावलंत. त्या दिवशी दारात उभा राहून संदीपने नक्कल केली तेव्हा तुम्ही सगळ्यांत मोठ्याने का हसलात, ते मला त्या वाक्याने सांगितलं. मी तुमच्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं.

सत्राच्या शेवटी प्रत्येक जोडीने आपल्या भागातला एक फोटो लावून चर्चा घडवायची होती. गुण जोडीला मिळून. फोटो तुमचा होता. तुमच्या गावच्या, देवळालीच्या शिवारात ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. तिथे लिंबाच्या फांदीला तुमचा वजनकाटा टांगलेला, काट्याच्या झोळीत एक मुलगी, आणि शेजारी तिची आई, हातात कोयता. फोटो मी स्कॅन करून लावला. त्यावर बोलणं तुम्ही घरी करून ॲपवर ठेवलंत. अकरा मिनिटं.

त्याची सुरुवात "हालो?" अशीच होती. मग तुम्ही विचारलंत, "ही पोरगी किती महिन्यांची वाटती तुमाला?" आणि थांबलात. "न्हाई. येवडी लहान न्हाई ती. परत बगा." पुन्हा थांबलात. "आता तिच्या आईकडं बगा. तोंड कुनीकडं हाय तिचं?" थांबलात. "व्हय. काट्याकडं न्हाई. का न्हाई?" त्या प्रश्नानंतर तुम्ही सगळ्यांत जास्त थांबलात. मी घड्याळ लावून बघितलं तेव्हा मिनिटाला थोडंसंच कमी होतं. जवळजवळ अख्खं मिनिट नुसता वारा आणि लांब कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा.

मॅडमनी सांगितलं होतं, साधारण पाच मिनिटं. मी त्या 'साधारण'चा आधार घेतला. खरं कारण वेगळं होतं. वर्ग पुन्हा हसेल, आणि यावेळी बोलण्याशेजारी माझंही नाव असेल, याची मला भीती वाटत होती. मी तुमचं बोलणं लॅपटॉपवर घेतलं आणि एकेक शांतता कापत गेले. आवाजाची रेघ जिथे सपाट दिसायची तिथे कापायचं, इतकं ते सोपं होतं. "हालो?" कापलं. अकरा मिनिटांची साडेचार झाली. तुमचा पासवर्ड माझ्याकडे होता. "तुज्याच मोबाईलमदी ठिव, मला लक्षात ऱ्हात न्हाई," असं तुम्हीच म्हणाला होतात. त्याच पासवर्डने मी तुमचं मूळ बोलणं काढलं आणि माझं कापलेलं तिथे ठेवलं. ॲपने विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? मी 'हो' दाबलं. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही नको म्हणाल हे माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

शनिवारी मॅडमनी ते वर्गात पडद्यावर लावलं. "किती नेटकं झालंय," त्या म्हणाल्या. ऐकून झाल्यावर तिघाचौघांनी 'छान' म्हटलं. चर्चा झालीच नाही. ती सुरू व्हायला कुठे फटच उरली नव्हती. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही पिशवीचा बंद मुठीत धरून पडद्याकडे बघत होतात, आणि तुमचाच आवाज कुठे न थांबता, दम न घेता बोलत सुटला होता.

दर शनिवारप्रमाणे मी तुम्हाला स्कूटरवरून तारकपूर स्टँडवर सोडलं. गाडी लागायची होती.

"सावेडी, माजं बोलनं कुनी कापलं?"

"मी. पाच मिनिटांची मर्यादा होती, आक्का. मी फक्त रिकाम्या जागा काढल्या. तुमचा एकही शब्द काढला नाही."

"रिकाम्या?"

"म्हणजे, जिथे तुम्ही थांबला होतात त्या."

"मी थांबले ती काय दम लागला म्हनून?" तुमचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "त्या जागा माज्या न्हवत्याच गं. ऐकनाऱ्याच्या हुत्या. माजा शब्द कापला आस्तास तर चाललं आस्तं. तू दुसऱ्याचं बोलनं कापलंस, आन् ते बी त्यानं बोलायच्या आदी."

मी हेल्मेट स्कूटरच्या हुकाला अडकवलं.

"जुनं हाय का ठिवलेलं?"

"नाही. काढून टाकलं."

तुम्ही नुसती मान हलवलीत. मग मी ते म्हणाले. "आक्का, तिथे पलीकडे कुणी नसतं. तुम्हाला अजून ते कळलेलंच नाहीये." सत्रभरात वर्गातल्या कोणाशीही मी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. पहिल्यांदा कागदाशिवाय बोलले, तेही हे.

श्रीरामपूरची गाडी आली. दर वेळी तुम्ही खिडकीतून डोकं काढून ओरडायचात, "पोचल्यावर फोन कर गं!" प्रवास तुम्हाला करायचा असायचा, माझं घर तिथून दहा मिनिटांवर. तरी मीच पोचल्यावर फोन करायचा. कंडक्टरसुद्धा हसायचा. त्या दिवशी खिडकी बंद राहिली.

मंगळवारी माझ्या मोबाईलवर ॲपच्या चिन्हावर लाल एक आला, म्हणजे माझ्या नावाचा एक न ऐकलेला निरोप. तुमचा. मी उघडला नाही. माफी मागायची तर आधी लिहायला हवी, म्हणून रोमन लिपीत लिहिली. वाचली, ऐकली, पुसली. पुन्हा लिहिली. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. माझी माफी स्वच्छ होत चालली होती.

पुढच्या शनिवारी सकाळी ग्रुपवर तुम्ही गेल्याची बातमी आली. आता एक गोष्ट सांगते, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. बातमी वाचल्यावर अगदी पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्यांना तोंड द्यायला नको. तो क्षण लगेच गेला. त्याच्या मागून जे यायचं ते सगळं आलं, मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. पण तो क्षण येऊन गेला होता, हे खरं. पुढचे तीन आठवडे मी त्या सुटकेची शिक्षा भोगत होते.

दहावा झाल्यावर दोन दिवसांनी मी एकटीच एसटीने देवळालीला आले. तुमच्या सुनेने पाणी दिलं आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुमीच का सावेडी?"

मी मान हलवली.

"आत्या लई सांगायच्या तुमचं. मोबाईल घिऊन गोठ्यात बसायच्या, हितं पोरांचा कालवा म्हनून. त्या शेवटच्या मंगळवारी तर दोनदा बसल्या. आमच्या ह्यांनी इचारलं, कोनाशी बोलती गं? म्हनल्या, सावेडीशी. ह्ये म्हनले, ती तर काईच बोलंना, मुकी हाय का काय?" ती हसली, आणि हसता हसताच पदराने डोळे टिपले. "तर म्हनल्या, बोलंल. तिला येळ लागतो."

मी पेल्यातलं पाणी संपवलं. दुसरं काही करता आलं नाही. निघताना तिने विचारलं, "तुमचं ते बोलनं झालं का मग पुरं?" मी म्हटलं, "नाही अजून." तिने दारातून गोठा दाखवला. दोन गाई आणि पालथं घातलेलं घमेलं. तुमची बसायची जागा.

तरीही मी उघडलं नाही. मला वाटायचं, समजा त्या एका लाल आकड्यात "तुझं तोंड बघायचं नाही" असं असेल, तर मी ते कुठे ठेवू? न उघडलं तर निदान दोन्ही शक्यता राहतात.

मग मॅडमचा निरोप आला, सत्र संपलं, चर्चेचं पान रविवारी बंद होणार, कोणाला काही बोलायचं असेल तर त्याआधी बोला. शनिवारी सकाळी मी इमारतीच्या गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले आणि उघडलं.

आक्का, तुमच्या फोटोभोवती चेहऱ्यांचं रिंगण झालं होतं. माझं साडेचार मिनिटांचं नेटकं काम तिथे नव्हतं. त्या जागी तुम्ही सगळं पुन्हा बोलला होतात. स्वतः. स्वतःच्या मोबाईलवरून, माझ्याशिवाय. सगळी बटणं बरोबर. तेरा मिनिटं! दोन मिनिटं वाढली होती आणि ती सगळी थांबण्यातच वाढली होती. "हालो?" जागेवर होतं. लिंबाची फांदी, काटा, "परत बगा", सगळं जागेवर. मी जे कायमचं काढून टाकलं म्हणून तीन आठवडे नीट जेवले नव्हते, ते तुम्ही गोठ्यात बसून मंगळवारीच परत उभं केलं होतं.

आणि उत्तरं आली होती. मी पान उघडायला घाबरत होते तेव्हा बाकीचा वर्ग तिथे बोलत होता. संदीप म्हणत होता, "आक्का, मला चार महिन्यांची वाटली. मग तुम्ही परत बगा म्हणालात, तर मी परत बघितलं. हात बघितले. वर्षाची आहे का हो ती?" त्याच्या आवाजात नक्कल नव्हती. आणि आपल्या वर्गात मागे बसणारी ती पाथर्डीकडची मुलगी, जी माझ्याहून कमी बोलते, तिने तुमच्या त्या मोठ्या थांबण्याचं उत्तर दिलं होतं. "आक्का, आई काट्याकडं बघत नाही, कारण आकडा तिला माहीत असतो. माझी आईपण बघायची नाही."

त्याच्याखाली, गुरुवारी, तुमचा आवाज. "व्हय गं बाय. बराबर बोललीस." आणि मग, थोडं थांबून, "बगा, हायेत की पलीकडं मानसं."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मी स्टँडवर जे म्हणाले ते घेऊन तुम्ही गेला नाहीत. ते खोटं आहे, हे तुम्ही जाण्याआधी स्वतःच्या कानांनी ऐकलंत. आक्का, मी टाकीला पाठ टेकली.

मग माझा लाल एक. त्यावर छोटं कुलूप होतं. हे कुलपाचं बटण मीच तुम्हाला शिकवलं होतं, एकाच माणसाला ऐकू जाईल असं बोलायचं असलं तर. मला तुम्ही चारचौघांत रागावला नव्हतात. मी बोट ठेवलं.

"हालो? सावेडी? ऐक. राग न्हाई आला आसं मी म्हननार न्हाई. आला. लई आला. गाडीत बसून राहुरीपस्तोर तुला शिव्या घातल्या, शेजारची बाई उटून दुसरीकडं बसली. इचारायचं तरी हुतंस. मी न्हाई म्हनले आस्ते, तू भांडली आस्तीस, मी आयकलं आस्तं एकांद्या येळी. पन इचारायचं. मानसाच्या माघारी त्याच्या बोलन्याला हात लावू नये." इथे गाय हंबरली. "हो तिकडं! तुला न्हाई गं, गाईला. तर राग आला, आन् राहुरीच्या पुढं गेला बी. मी समदं परत बोलून ठिवलंय. पैल्यापरास बरं झालंय. आता तू बोल."

आणि तुम्ही थांबलात.

बादलीची कडी वाजली. चिमण्या. कोणीतरी लांबून "आत्या, चा!" अशी हाक मारली. तुम्ही तिला ओ दिली नाहीत. तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात.

पहिल्यांदा ऐकताना मी काहीच बोलले नाही. सवयच तशी. शांतता संपली आणि तुमचा आवाज आला. "व्हय. कळलं मला." मी चमकले. मग मागे नेऊन पुन्हा लावलं. राग, राहुरी, गाय, "आता तू बोल." बादलीची कडी वाजली तेव्हा मी तोंड उघडलं. कागद नव्हता. "आक्का, चुकलं माझं. मला हसतील म्हणून घाबरले मी. तुम्हालाही हसू नये असं... नाही, मलाच हसू नये म्हणून. मी खोटं बोलले, पलीकडे कुणी नसतं म्हणून. मी होते ना पलीकडे. मीच बोलत नव्हते." मध्ये दोनदा शब्द संपला. मागच्या बाकावर कुणी नव्हतं, तरी तो सापडला. माझं बोलून झालं आणि चिमण्या उरल्या. आणि मग,

"व्हय. कळलं मला. येवडं मनाला लावून घिऊ नको. जेवलीस का?"

तिथे छोटी जागा होती. "नाही," मी म्हटलं.

"जेव मग. आन् त्या दिशी गाडीत बसताना सांगायचं ऱ्हाऊन गेलं रागात. पोचल्यावर फोन कर गं. ठेवते."

मी खाली आले, जेवले, तीन पोळ्या. ते सुरुवातीला सांगितलंच.

जेवण झाल्यावर मी पुन्हा गच्चीवर गेले. पान बंद व्हायला एक दिवस होता. तुमच्या फोटोखालचं बटण दाबलं, कुलूप न लावता, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लाल ठिपका लागला. हातात काही नव्हतं.

"हालो?" मी म्हणाले. आणि थांबले. खालून कोणाची तरी स्कूटर गेली, ती पूर्ण जाऊ दिली.

"आक्का, मी पोचले."

परत ऐकून बघितलं नाही. तसंच ठेवलं.